हद्दीतला कावळा

एका गावात एक भोळा पुतण्या होता. त्याचं नाव केरबा खरमाटे. आईबाप लहानपणीच गेले, म्हणून चुलता-चुलतीनं त्याला वाढवला. चुलत्याला तो तात्या म्हणायचा आणि चुलतीला काकी. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. केरबा होता, त्यातच सगळं आलं.

केरबा अंगानं थोराड, मनानं निर्मळ आणि सांगितलं ते तंतोतंत करणारा. एकदा तात्या बाजाराला जाताना म्हणाले, "केरबा, ऊन फार हाय. म्हस सावलीत ऱ्हाईल असं बघ." केरबानं म्हैस चिंचेच्या सावलीत बांधली. सावली सरकली तशी त्यानं म्हैस सरकवली. दिवस मावळताना तात्या परत आले, तेव्हा म्हैस चौथ्या घराच्या परसात उभी होती आणि केरबा तिचं दावं तिथल्या तुळशीवृंदावनाला बांधत होता. चिंचेची सावली तिथवर पोचली होती, त्याला केरबा काय करणार?

असा माणूस विसराळू असता तर निभावलं असतं. पण केरबा काही म्हणजे काही विसरत नसे. एकदा शिकवलेलं त्याच्या कायमचं ध्यानात राही. ते कुठं वापरायचं, तेवढं राहत नसे.

एके दिवशी सकाळी तात्या पिठाच्या गिरणीचा पट्टा चढवता चढवता खाली बसले, ते पुन्हा उठले नाहीत. सत्तरी उलटून गेली होती. गाव जमलं. नदीकाठच्या मसणवटीत दुसऱ्या चबुतऱ्यावर त्यांना अग्नी दिला. केरबानंच दिला. घरी आला आणि म्हशीच्या गळ्यात पडून रडला.

घर तात्यांच्या नावावर होतं. पुढं गिरणी, मागं दोन खोल्या. काकीचं पोट त्या गिरणीवर चालायचं. तिसऱ्याच दिवशी भावकीतला रंगराव येऊन बसला. त्याचं तालुक्याला फर्निचरचं दुकान होतं आणि गोदामाला त्याला जागा हवी होती. चहा पिता पिता त्यानं भिंती वरपासून खालपर्यंत नीट बघून घेतल्या.

"काकी, तुम्ही एकल्या. मूलबाळ न्हाई," तो म्हणाला. "घराचं वझं कशाला वागवता? म्या कचेरीत हरकत घालून ठेवलीया. वारसाचं कागद तुमच्याकडनं वेळेत आलं न्हाईत, तर माझं नाव लागंल. तुम्हाला काय, मागची खोली ऱ्हायला देतो की."

आपल्याच घरात मागच्या खोलीत राहायचं ऐकून काकीनं त्याच्यापुढची कपबशी उचलून आत नेली. कागद करायला हवे होते, आणि ते लवकर करायला हवे होते. दहा दिवस तिला उंबरा ओलांडता येत नव्हता. पुढंही गुडघ्यामुळं एस.टी.ची पायरी चढवत नव्हती. काकीनं केरबाकडं पाहिलं. मग देवाच्या फळीकडं पाहिलं. मग पुन्हा केरबाकडं.

"केरबा, पंचायतीत जा. तात्या वारल्याची नोंद घाल. इचारतील त्याचं नीट उत्तर दे."

"बरं काकी."

पंचायतीत ग्रामसेवक बसले होते. त्यांना सगळं गाव भाऊसाहेब म्हणे. त्यांनी फॉर्म काढला.

"मयताचं नाव?"

"धोंडिराम खरमाटे."

"पत्ता?"

"मसणवट, नदीकाठ, चबुतरा दुसरा, करंजाच्या झाडाशेजारी."

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "हा कसला पत्ता?"

"तिथंच न्हेऊन ठेवलं की आम्ही. गिरणीवर बघाय गेलासा तर घावायचं न्हाईत."

भाऊसाहेबांनी फॉर्म फाडला. उद्या ये म्हणाले, आणि येताना दवाखान्यातून तात्यांच्या मरणाचा दाखला आण म्हणाले. केरबानं घरी येऊन सगळं सांगितलं. काकीनं कपाळावर हात मारला.

"आरं, माणूस मेला म्हणून त्याचा पत्ता बदलतो व्हय? कागदावर तो जिता असताना जसा होता, तसंच सांगायचं."

"बरं काकी. पुढच्या येळी ध्यानात ठेवतो."

आणि त्यानं ध्यानात ठेवलं.

दवाखान्यात डॉक्टर नवीन होते. त्यांनी विचारलं, "धोंडिराम खरमाटे, वय बाहत्तर. काय तक्रार होती?"

केरबानं तात्या जिते असताना कसे होते ते आठवलं. "कशाचीच न्हाई."

"ताप, खोकला, छातीत दुखणं?"

"न्हाई बा. ठणठणीत हायेत. सकाळच्या पारी दोन भाकरी खात्यात आन मणाचं पोतं एका हातानं उचलत्यात."

"मग तुम्ही आलात कशाला?"

"दाखला न्यायला."

डॉक्टरांपुढं तीसेक माणसं बसली होती. असले दाखले त्यांनी पुष्कळ दिले होते. त्यांनी घाईघाईनं लिहून दिलं आणि केरबा तो कागद घेऊन पंचायतीत गेला. भाऊसाहेबांनी तो एकदा वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. लिहिलं होतं, 'धोंडिराम खरमाटे यांची प्रकृती उत्तम आहे. कामावर हजर होण्यास हरकत नाही.'

भाऊसाहेबांनी खिडकीतून गिरणीच्या दिशेनं एक नजर टाकली. गिरणी बंद होती. त्यांना जरा बरं वाटलं.

"आरं देवा!" काकी म्हणाली. "डाक्टरानं इचारलं तर असं सांगत्यात? तोंड पाडायचं. डोळ्याला पाणी आणायचं. म्हणायचं, फार वाईट झालं, पर देवाच्या मर्जीपुढं कुणाचं काय चालतंय."

"बरं काकी. पुढच्या येळी ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांपुढं त्यानं तोंड पाडलं, रडला, आणि बरोबर दाखला मिळाला. इथंच थांबला असता तर काही बिघडलं नसतं.

तिथून तो पंचायतीत गेला. भाऊसाहेबांनी एक साक्षीदार आणायला सांगितलं होतं, म्हणून नदीपलीकडच्या गावचा लक्षू म्हणून एक दोस्त त्यानं बरोबर घेतला होता. भाऊसाहेबांनी लक्षूचा पत्ता वाचला आणि तो कागद बाजूला सारला.

"हा पलीकडच्या हद्दीतला. हद्दीबाहेरचा चालत नाही. आपल्या गावचा आण. आणि हे बघ केरबा, असा कुणी बाहेरचा मधे आला तर तिथंच उठवून लावत जा, माझा वेळ घालवू नकोस."

"बरं भाऊसाहेब. ध्यानात ठेवतो."

त्यानं लक्षूला तिथंच उठवून लावलं. नदी पार करून आलेला माणूस चहासुद्धा न घेता परत गेला. मग शेजारचा भिवाआण्णा साक्षीला आला. हा गावातला जाणता म्हातारा, कुणाच्याही घरचं बरंवाईट त्याच्या सल्ल्यावाचून होत नसे. अंगठा उठवून तो गेला आणि केरबा दाखल्याची वाट बघत बाकावर बसला.

तेवढ्यात खालच्या आळीचा अंकुश आला. जन्माची नोंद आणि मरणाची नोंद एकाच टेबलावर होते. अंकुशला सहा वर्षांनी पहिला मुलगा झाला होता. तो हसत हसत म्हणाला, "केरबा, पोरगा झाला. दाखला न्यायला आलोय."

दाखला न्यायला आलेल्या माणसाशी कसं बोलायचं, ते केरबाला आता पाठ होतं. त्यानं तोंड पाडलं. डोळ्याला पाणी आणलं. अंकुशच्या खांद्यावर हात ठेवला.

"फार वाईट झालं," तो म्हणाला. "पर देवाच्या मर्जीपुढं कुणाचं काय चालतंय."

अंकुशनं चप्पल काढली. भाऊसाहेब मधे पडले म्हणून एकच बसली.

"आरं येड्या," काकी त्याच्या पाठीला हळद लावत म्हणाली, "त्याच्या हातात दाखला आला म्हंजे आनंदाची गोष्ट. अशा येळी तोंडात साखर घालायची. म्हणायचं, लई दिवस वाट बघितली, आज पदरात पडलं."

"बरं काकी. पुढच्या येळी ध्यानात ठेवतो."

नवव्या दिवशी तात्यांच्या मृत्यूचा दाखला केरबाच्या हातात आला. त्यावर गोल शिक्का होता. केरबा पळत घरी गेला, फळीवरचा साखरेचा डबा उचलला आणि आळीच्या वरच्या टोकापासून सुरुवात केली.

"तोंड गोड करा. तात्यांचा दाखला आला. लई दिवस वाट बघितली, आज पदरात पडलं."

काही जणांनी साखर घेतली आणि तोंडात टाकावी की नाही ते न कळून मुठीतच धरून ठेवली. दोन म्हाताऱ्या रडायला लागल्या. रंगराव त्या दिवशी पुन्हा भिंती बघायला आला होता. त्याच्या तोंडात केरबानं स्वतःच्या हातानं चिमूट घातली.

काकी दारात उभी राहून हे ऐकत होती. त्या दिवशी तिनं केरबाला काहीच सांगितलं नाही. भिंतीकडं तोंड करून बसली आणि पदरात रडली. पन्नास वर्षांचा संसार, आणि त्याच्या शेवटाची साखर वाटली गेली. केरबा तिच्यामागं गुडघ्यांत डोकं घालून बसला. तिला काय झालंय ते त्याला कळेना. आपल्यामुळंच झालंय एवढं मात्र कळत होतं. काकी काही बोलली नाही, त्यामुळं त्या दिवशी केरबा काही शिकलाही नाही.

दुसऱ्या दिवशी दहावा होता.

घाटावर पिंड मांडले. माणसं दूर जाऊन बसली. कावळा शिवायची वाट बघू लागली. फार वेळ गेला नाही. नदीपलीकडून एक चांगला धडधाकट कावळा उडत आला, पिंडाजवळ उतरला, मान तिरकी करून त्यानं चोच पुढं केली.

"हाड! हाड!" केरबा धोतर सावरत धावला. "हद्दीबाहेरचा चालत न्हाई! पलीकडचा हाय त्यो, म्या येताना बघितला!"

कावळा उडाला तो थेट पलीकडच्या तीरावर जाऊन बसला. सगळा घाट केरबाकडं बघत राहिला.

"आरं, कावळ्याला कसली हद्द?" भिवाआण्णा ओरडला.

"भाऊसाहेबांनी सांगितलंय. उठवून लाव म्हणाले."

मग मात्र एक कावळा येईना. हद्दीतले कावळे करंजावर ओळीनं बसले होते. केरबाचं धावणं त्यांनीही बघितलं होतं. ऊन वर आलं. गुरुजी घड्याळ बघू लागले. भिवाआण्णानं केरबाला बाजूला ओढलं आणि एकेक शब्द सावकाश सांगितला.

"आता नीट ऐक. कावळा शिवत न्हाई, म्हंजे मनात काय तरी इच्छा ऱ्हायलेली असती. समद्यांनी मागं सरायचं. माणसाला त्यो बुजतो. मग हात जोडून मोठ्यानं म्हणायचं, मनात काय ऱ्हायलं आसंल ते आम्ही पुरं करतो, मागं ऱ्हायलेल्यांची काळजी करू नगा. नेमकी इच्छा सापडली की शिवतो."

सगळे मागं सरले. एकेक जण बोलू लागला.

"तात्या, गिरणी बंद पडू देणार न्हाई."

कावळे हलले नाहीत.

"तात्या, म्हशीला अंतर देणार न्हाई."

एका कावळ्यानं पंख झाडला आणि पुन्हा मिटून घेतला. मग केरबा पुढं झाला. हात जोडले. त्याला आळीतली साखर आठवली आणि भिंतीकडं तोंड केलेली काकी आठवली.

"तात्या," तो म्हणाला, "घर काकीच्या नावावर करतो. तसा कागद करून आणतो. मागच्या खोलीत न्हाई राहू देणार तिला."

करंजावरचा एक कावळा उतरला, दोन उड्या मारल्या आणि पिंडाला चोच लावली.

"शिवला! शिवला!" घाट ओरडला. भिवाआण्णानं डोळे पुसले. "झालं बघ. आता पिंड उचल, पाण्यात सोड, एक बुडी मार आन मागं वळून न बघता सरळ घरला जा."

केरबानं तसंच केलं. सगळं दहाव्याचं काम त्यानं पुढच्या वेळेसाठी ध्यानात ठेवलं.

तेरावा झाला आणि केरबा तालुक्याच्या कचेरीत गेला. तिथं एका कारकुनाचं टेबल होतं आणि आतल्या खोलीत साहेबांचं. केरबानं वारसाचा अर्ज दिला, बरोबर दाखल्याची झेरॉक्स दिली. कारकुनानं ती उलटी करून बघितली.

"ही नक्कल झाली. आम्हाला नक्कल चालत नाही. मूळ लागतं. मूळ आण आणि अर्जाला टाचून दे."

केरबानं मूळ दाखला नेऊन अर्जाला टाचून दिला. कारकून खूश झाला. तो म्हणाला, "आता फक्त वारसाचा फोटो आण. तारीख पुढच्या शुक्रवारची आहे. त्या दिवशी साहेबांची सही झाली नाही, तर रंगराव खरमाटेंची हरकत मंजूर धरतील. मग तुझ्या काकीचं नाव लागायचं नाही."

केरबा घरी येता येता विचार करू लागला. फोटो म्हणजे काय? काकीची नक्कलच की. नक्कल तर कचेरीत चालत नाही.

सोमवारी सकाळी त्यानं दळणाची पोती न्यायची हातगाडी धुतली, वर घोंगडी अंथरली आणि काकीला म्हणाला, "चल काकी, कचेरीत तुला मागितलंय."

काकीला वाटलं, जबाब घ्यायचा असेल. ती बिचारी पदर नीट घेऊन गाडीवर बसली. तीन किलोमीटर केरबानं गाडी ओढली. कचेरीच्या व्हरांड्यात तिला उचलून उतरवलं, कारकुनाच्या टेबलापुढं उभं केलं, अर्ज घेतला आणि एका टाचणीनं तिच्या पदराला टाचला.

"हे घ्या," केरबा म्हणाला. "मूळ."

"हे काय?"

"वारस. तुम्ही फोटो म्हणालासा, पर त्यो नक्कल हुतो. आता कुठं ठेवू, कपाटात का टेबलावर?"

सगळी कचेरी हसली. काकी शरमेनं अर्धी झाली. पण कारकून माणूस वाईट नव्हता. त्यानं म्हातारीला खुर्ची दिली, पाणी दिलं, आलीच आहे म्हणून तिचा जबाब लिहून घेतला, अंगठा घेतला आणि समोरच्या स्टुडिओत पाठवून फोटोही काढून आणवला. तिच्या पदराची टाचणी त्यानं स्वतः काढली.

"झालं बाई," तो म्हणाला. "सगळे कागद पुरे झाले. वारसनोंदीची वही आणि तुम्हाला द्यायची एक प्रत, दोन्ही साहेबांच्या टेबलावर ठेवतो. त्यांची सही झाली की घर तुमचं."

मंगळवारी केरबा कचेरीत जाऊन बसला. कागद साहेबांच्या टेबलावर होता. साहेब पंख्याखाली बसून पेपर वाचत होते. कागदाला त्यांनी हात लावला नाही.

बुधवारी कागद तिथंच होता. साहेबांनी डबा खाल्ला, हात धुतले, दाढ कोरली. कागदाला हात लावला नाही.

गुरुवारी रंगराव आत जाऊन पाऊण तास बसला आणि हसत बाहेर आला. कागदाला साहेबांनी हात लावला नाही.

"साहेब कागदाकडं बघत्यात," केरबानं घरी येऊन सांगितलं, "पर हात लावत न्हाईत. काकी, अशा येळी काय करायचं?"

काकीनं डोक्याला हात लावला. गुडघे सुजले होते, उद्याचा शुक्रवार डोळ्यांपुढं होता आणि मागची खोली आत्तापासून अंगावर येत होती.

"साहेबाच्या मनात काय हाय ते देवालाच ठावं," ती म्हणाली. "आता मला काय इचारू नगंस, बाबा. आजवर लोकांनी तुला इतकं शिकीवलं, त्यातलं काय लागू पडतंय ते तुझं तूच बघ."

केरबा विचार करत राहिला. पुढ्यात ठेवलंय. बघतो, पण शिवत नाही. मनात काय आहे ते कळत नाही. हे सगळं त्यानं कुठं तरी बघितलं होतं. एकदम त्याचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला अशी गोष्ट भेटली होती, जी त्याला अगदी नीट येत होती.

शुक्रवारी कचेरी गच्च भरली होती. रंगराव नवीन कपडे घालून आला होता. केरबा सरळ साहेबांच्या खोलीत शिरला. टेबलावरच्या कागदावरचं काचेचं वजन त्यानं उचललं, कागद आणि वही बरोबर मधोमध मांडली, शेजारी पाण्याचा पेला ठेवला आणि पाठ न दाखवता दारापर्यंत मागं गेला.

"मागं सरा," तो लोकांना म्हणाला. "समद्यांनी मागं सरा. साहेब माणसाला बुजत्यात."

लोक मागं सरले. केरबानं टोपी काढली, हात जोडले आणि घाटावर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, "साहेब! मनात काय ऱ्हायलं आसंल ते बोला. आम्ही पुरं करतो. मागं ऱ्हायलेल्यांची काळजी करू नगा!"

व्हरांड्यातल्या एका म्हाताऱ्यानं सवयीनं टोपी काढली. एका बाईनं पदर डोळ्याला लावला. साहेबांच्या हातातला पेपर खाली आला.

"काय चाललंय हे?"

"बाईसाहेबांचं आम्ही बघतो," केरबा म्हणाला. "पोरांची शिक्षणं बघतो."

"अरे, मी जिवंत आहे!"

"समदे असंच म्हणत आसतील, साहेब. आम्हाला ऐकू येत न्हाई येवढंच."

साहेबांनी नकळत छातीवर हात ठेवला. कपाळाला घाम आला होता. केरबानं मान लांब करून हळूच एकदा "काव काव" केलं. आता सगळ्यांना उमगलं. कुणी हसलं नाही. या कचेरीत महिनोन्‌महिने पिंड मांडून बसलेले बरेच जण तिथं होते. एकेक जण हात जोडू लागला.

"साहेबांना काय पोचवायचं ऱ्हायलं आसंल कुणाचं, तर सांगा की," मागून एक जण म्हणाला.

"रंगराव कालच पोचवून आलाय वाटतं," दुसरा म्हणाला.

रंगराव नवीन कपड्यांत हळूच जिन्याकडं सरकला. शेवटी शिपाई पुढं आला. तो बारा वर्षं साहेबांच्या दारात स्टुलावर बसत होता. त्यानंही हात जोडले.

"साहेब," तो गहिवरून म्हणाला, "आपली बदली गावाकडं व्हायची राहिली. ती आम्ही मनावर घेतो. आता शिवा."

साहेबांनी झडप घालून पेन उचललं. वहीत सही केली. प्रतीवर सही केली. शिक्का दोन वेळा मारला.

"शिवला! शिवला!" कचेरी ओरडली. लोकांनी टोप्या उडवल्या.

"घर खरमाटे बाईंच्या नावावर लागलं!" साहेब ओरडले. "ही घे प्रत आणि नीघ इथून!"

केरबानं प्रत दोन्ही हातांवर घेतली आणि चालू लागला. मागून कारकून ओरडला, "केरबा, जपून ने! हरवली तर दुसरीला पुन्हा साहेबांची सही लागेल!" केरबा मागं वळून बघत नसतो, हे त्याला काय माहीत?

संध्याकाळी काकी दारात बसून होती. लांबून केरबा येताना दिसला. नखशिखांत भिजलेला, आणि तोंडभर हसत.

"शिवला, काकी! सायबांनी सही केली. घर तुझ्या नावावर लागलं."

काकी गुडघे विसरून उभी राहिली. तिनं गिरणीकडं बघितलं, खोल्यांकडं बघितलं. मग केरबाचं ओलं डोकं छातीशी धरून ढसाढसा रडली. बरंच रडून झाल्यावर तिनं पदरानं डोळे पुसले आणि हात पुढं केला.

"दाव बघू कागद."

"सोडला की पाण्यात."

"काय?"

"दोन्ही हातांनी सोडला. एक बुडी मारली. मागं वळून बघितलं न्हाई."

"आरं केरबा!" काकी मटकन खाली बसली. "त्यो कागद आपला हुता रं!"

"आपल्याला काय करायचाय त्यो? घर तुझं झालं ते आपल्याला ठावं हाय. तात्यांनाच ठावं न्हाई. कागद करून आणतो म्हणून शब्द त्यांना दिला हुता." केरबानं धोतराचा ओला सोगा पिळला. "आन तू काळजी करू नगंस, काकी. मागं पत्ता घातलाय. मसणवट, नदीकाठ, चबुतरा दुसरा, करंजाच्या झाडाशेजारी. तू म्हणालीस, पत्ता बदलत नसतो, म्हणून खाली गिरणीचाबी घातलाय. तिथं न्हाई घावले, तर कागद घरी परत यील."